दोन पिवळ्या रेघा आणि आक्कांचा हलवा



सप्टेंबर महिन्यात आम्ही दोघं इस्रायलहून इंग्लंडला, साउथहॅम्प्टनला जाऊन आलो. तिथे आमची लेक, जावई आणि बारा वर्षांचा नातू राहतात. जवळच पोर्ट्सवूड भागात आमच्या थोरल्या आक्का एकट्या राहतात. १९६० च्या दशकात त्या मुंबईहून नर्स म्हणून तिकडे गेल्या आणि तिथल्याच झाल्या. आता वय चौऱ्याऐंशी. डोकं अजून टकटकीत, पण गुडघे काही ऐकत नाहीत.

रोश हशाना तोंडावर आला होता. हलवा आक्कांच्याच हातचा हवा, असा आमच्या घरचा शिरस्ता. आम्ही म्हटलं, "आक्का, चला, तुमच्या त्या भारतीय दुकानातून नारळ आणि बाकीचं सामान घेऊन येऊ." आक्का म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी नाही येत."

आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. तर म्हणाल्या, "गुडघे नेहमीचेच आहेत रे. पार्किंग! गाडी उभी करायला मिळते ती फक्त अर्धा तास. मला आत जाऊन बाहेर यायलाच तेवढा वेळ लागतो. तुमच्या नशिबी दंड कशाला?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी एका गावात त्यांनी एका पिवळ्या रेघेवर गाडी लावली होती. पाटी नीट वाचली नव्हती. काचेवर दंडाची चिठ्ठी आली, सत्तर पौंडांची. चौदा दिवसांच्या आत भरली म्हणून पस्तीसवर भागलं. चूक आपलीच होती, असं त्या स्वतः सांगतात. पण मनात भीती बसली ती बसलीच. नंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि दुसऱ्या कोणाच्या गाडीतून बाजारात जाणंही सोडलं. ज्या दुकानात त्या पंचवीस वर्षं जात होत्या, तिथून आता फोनवर सामान मागवतात. सामान येतं हो, पण दुकानातल्या गप्पा काही पिशवीतून येत नाहीत.

आम्हाला हे फार लागलं. एक पाटी, दोन रेघा, आणि म्हाताऱ्या माणसाचं घराबाहेर पडणंच बंद? म्हटलं, ही भानगड आहे तरी काय, ते नीट समजून घेऊ. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

रेघा कशा वाचाव्यात

आमचे गुरुजी झाले आमचे नातू. रस्त्यावर उभं करून त्याने आम्हा दोघांना धडा दिला.

रस्त्याच्या कडेला एक पिवळी रेघ असेल तर पाटीवर लिहिलेल्या वेळेत गाडी लावायची नाही. दोन पिवळ्या रेघा असतील तर दिवसा नाही, रात्रीही नाही. तरी माणसाला उतरवण्यापुरतं किंवा घेण्यापुरतं थांबलं तर बहुतेक ठिकाणी चालतं. फूटपाथच्या कडेवरही आडवे छोटे पिवळे पट्टे मारलेले असतात. दोन दोन पट्टे असतील तर सामान चढवायला-उतरवायलाही कधीच थांबायचं नाही. एकेक पट्टा असेल तर पाटीवरची वेळ बघायची.

आणि जिथे पांढऱ्या रेघांची चौकट आखून "३० मिनिटं, एका तासात परत येऊ नये" अशी पाटी असते, तिथे अर्ध्या तासात निघायचं आणि तासभर फिरकायचंही नाही. आम्ही म्हटलं, "अरे, हे तर पाहुण्याला हाकलून दिल्यासारखं झालं!" तो हसून म्हणाला, "तसं नाही आजोबा. तुम्ही निघाल तेव्हाच दुसरा पाहुणा येईल ना?"

इस्रायलमध्ये आपल्याला फूटपाथच्या कडेची निळी-पांढरी आणि लाल-पांढरी भाषा येते. निळं-पांढरं म्हणजे पैसे भरून लावा, लाल-पांढरं म्हणजे थांबूच नका. पुण्याला जाऊन आलेल्यांना पी-१ आणि पी-२ च्या पाट्या आठवत असतील. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाडी, सम तारखेला दुसऱ्या. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की भल्याभल्यांची गडबड होते! प्रत्येक देशाची भाषा वेगळी, पण भांडण एकच आहे. जागा थोडी आणि गाड्या फार.

बारगेटची गोष्ट

बालमित्रांनो, हे भांडण मोटारी आल्यावर सुरू झालं असं समजू नका. साउथहॅम्प्टन शहराच्या मधोमध बारगेट नावाची जुनी दगडी वेस आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. शहराभोवती तट होता आणि उत्तरेकडून आत-बाहेर करायचा हा दरवाजा. बंदरात उतरलेला माल घोडागाड्यांतून याच वेशीखालून बाहेर जायचा. प्रत्येक गाडीला कर होता. पंधराव्या शतकातल्या त्या कराच्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत. कुठला गाडीवाला, काय माल, कुठे निघाला, पैसे किती, सगळं टिपलेलं आहे. दारू, मासळी, कापड रंगवायचा निळा रंग, असा माल सॉल्झबरीकडे आणि लंडनकडे जायचा. मुंबईकरांनी मुलुंडचा किंवा दहिसरचा जकात नाका डोळ्यांपुढे आणावा. आपल्या मुंबईची जकात २०१७ साली जीएसटी आला तेव्हा संपली.

पुढे साउथहॅम्प्टनमध्ये ट्राम आल्या. बारगेटची कमान ठेंगणी, मग दुमजली ट्राम खालून जाणार कशी? कमान तोडायची नाही म्हणून १९२३ साली खास गोलसर, ठेंगण्या टपाच्या ट्राम बनवल्या. गाडीने वेशीपुढे मान वाकवली म्हणा ना! पण वाहनं वाढतच गेली. शेवटी १९३० च्या दशकात वेशीच्या दोन्ही बाजूंचा तट पाडून रस्ते केले. म्हणजे आता तटाने मान वाकवली. ट्राम १९४९ च्या अखेरीस बंद झाल्या. आणि आज? आज बारगेटखालून गाडी जात नाही, माणसं चालत जातात. ज्या गाड्यांसाठी तट पाडला, त्याच गाड्यांना आता तिथे मनाई आहे. दर पिढीला वाटतं की रस्त्याचा प्रश्न आपण कायमचा सोडवला. तसा तो कधी सुटत नाही.

नियम कोणासाठी आला?

आमची समजूत होती की पार्किंगचे नियम सरकारने पैसे काढायला केले. वाचल्यावर कळलं, सुरुवात दुकानदारांच्या गाऱ्हाण्यातून झाली.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी या शहरात १९३० च्या दशकात बाजारात गाडी लावायला जागा मिळेना. कारण काय, तर तिथेच काम करणारे लोक सकाळी गाडी लावायचे ती थेट संध्याकाळी काढायचे. गिऱ्हाईक येऊन चकरा मारून परत जायचं. कार्ल मॅगी नावाचे एक वृत्तपत्राचे संपादक होते, त्यांनी यावर नाणं टाकायच्या यंत्राची युक्ती काढली. १६ जुलै १९३५ रोजी जगातलं पहिलं पार्किंग मीटर तिथे बसलं. तासाला पाच सेंट. इंग्लंडमध्ये पहिली मीटरं लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात १० जुलै १९५८ रोजी आली. तासाला सहा पेन्स.

१९६० साली लंडनमध्ये ट्रॅफिक वॉर्डन नेमले. त्यांची पहिली चिठ्ठी कोणाला मिळाली, सांगा पाहू? एका डॉक्टरला! ते हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला बघायला धावले होते. लोकांनी आरडाओरडा केला आणि दंड माफ झाला. म्हणजे पहिल्याच दिवशी कळून चुकलं की नियम चांगला असला तरी समोरचा माणूस कोण आहे, ते बघावंच लागतं.

आता मुलांनो, एक सोपं गणित करा. दुकानासमोर एक जागा आहे. दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उघडं. पाटी नसेल तर एकाच माणसाची गाडी आठ तास उभी राहील. अर्ध्या तासाची पाटी असेल तर किती गिऱ्हाइकं येतील? सोळा! एकीकडे एक, दुसरीकडे सोळा. दुकानदाराला काय परवडेल, तुम्हीच सांगा.

शहराच्या बाजारात

साउथहॅम्प्टनच्या बाजाराने पुष्कळ भोगलं आहे. १९४० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून हाय स्ट्रीट आणि अबव्ह बार या मुख्य पेठा जाळल्या. लढाईनंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मग शहराबाहेर, एम-२७ या मोठ्या रस्त्याच्या कडेला हेज एंडसारख्या ठिकाणी मोठमोठी दुकानं झाली. समोर ऐसपैस मैदान, गाडी लावा आणि सामान भरा. शहराच्या आत २००० साली वेस्टक्वे नावाचं प्रचंड खरेदी केंद्र उघडलं, तेही हजारो गाड्यांची सोय घेऊन. पैसे लागतात, पण डोक्यावर छप्पर असतं, लिफ्ट असते.

यात ओढाताण होते ती रस्त्यावरच्या छोट्या दुकानदाराची. त्याच्याकडे ना मैदान, ना लिफ्ट. त्याच्यासमोर जेमतेम दोन-तीन गाड्यांची जागा. नॉर्थहॅम आणि सेंट मेरीज भागात आपल्या लोकांची किराण्याची दुकानं आहेत. त्याच भागात २००१ साली फुटबॉलचं नवं स्टेडियम झालं, सुमारे बत्तीस हजार लोक बसतील एवढं. जुनं मैदान त्याच्या निम्मंच होतं. सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्यांत नियम कडक होतात. नाही केले तर तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या दारातच जागा मिळायची नाही. आम्ही गेलो तेव्हा मेफ्लावर पार्कमध्ये होड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते १९६९ पासून भरतं. पाहुणे आले की शहर खूश, हॉटेलवाले खूश, आणि मेथीची जुडी घ्यायला निघालेल्या आजी मात्र घरी.

एकच नियम दोन दुकानांना दोन वेगळी फळं देतो, हेही आम्हाला दिसलं. २०२० साली करोनाच्या दिवसांत बेडफर्ड प्लेस भागात रस्ता गाड्यांना बंद करून तिथे टेबलं-खुर्च्या मांडल्या होत्या. कॉफीवाल्याला असा मोकळा रस्ता म्हणजे सणच. पण ज्याच्याकडे माणूस जड शिलाई मशीन दुरुस्तीला आणतो किंवा औषध घ्यायला दोन मिनिटं थांबतो, त्याला दारासमोर गाडी हवीच. दोघांचंही म्हणणं खरं.

२०११ साली मेरी पोर्टास या बाईंनी इंग्लंडच्या बाजारपेठांवर सरकारला अहवाल दिला. गावोगावच्या बाजारात पार्किंग मोफत असावं, पण त्यावर नियंत्रणही असावं, असं त्यांनी सुचवलं. 'मोफत' सगळ्यांना ऐकू येतं, 'नियंत्रण' हा शब्द लोक विसरतात. नुसतं मोफत केलं की ओक्लाहोमाची गोष्ट पुन्हा सुरू.

आपल्या हक्काच्या चार गोष्टी

नियम मोडू नयेच, पण नियम आपल्या बाजूनेही काय सांगतो ते माहीत असावं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हे कापून ठेवावं.

एक. २०१५ सालापासून इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या चौकटीत किंवा कौन्सिलच्या पार्किंगमध्ये दिलेली वेळ संपल्यावर आणखी दहा मिनिटांची सूट असते. पिवळ्या रेघेवर मात्र ही सूट नाही.

दोन. कौन्सिलची चिठ्ठी आली तर चौदा दिवसांत भरल्यास रक्कम निम्मी होते. ती चुकीची वाटली तर भरायच्या आधी लेखी हरकत घ्यावी.

तीन. कौन्सिलला तिजोरी भरण्यासाठी म्हणून पार्किंगचे दर वाढवता येत नाहीत. लंडनच्या बार्नेट भागात रहिवाशांच्या परवान्याचे दर चाळीस पौंडांवरून शंभर केले होते. एका रहिवाशाने दावा लावला आणि २०१३ साली हायकोर्टाने ती वाढ बेकायदा ठरवली.

चार. खासगी दुकानांच्या पार्किंगचा कायदा वेगळा. तिथली पाटी म्हणजे आपण केलेला करारच समजतात. चेम्सफर्डला एका माणसाने दोन तासांच्या मोफत जागेत छप्पन्न मिनिटं जास्त गाडी ठेवली. पंच्याऐंशी पौंड लागले. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, पण २०१५ साली हरला. म्हणून मोफत दिसलं तरी पाटी वाचा.

आणखी एक अडचण सांगतो. पुष्कळ गावांत नाणी घेणारी यंत्रं काढून टाकली आहेत. जुनं थ्री-जी नेटवर्क बंद होणार म्हणून ती यंत्रं निकामी, असं कारण दिलं गेलं. मग पैसे भरायचे फोनवरच्या ॲपमधून. नातवाला ते चुटकीसरशी जमतं. आक्का म्हणतात, "पाकिटात नाणी आहेत, पण घेणारं कोणी नाही. असं कधी पाहिलं होतं का?" बस आहे, पेन्शनच्या वयाच्या लोकांना इंग्लंडमध्ये सकाळी साडेनऊनंतर फुकटही आहे. पण पाच किलो तांदूळ आणि सहा नारळ घेऊन बसमध्ये चढणार कोण?

कपाटातलं निळं कार्ड

हे सगळं ऐकून आमच्या लेकीने विचारलं, "आत्या, तुमचं ब्ल्यू बॅज कुठे आहे?" आक्का गप्प. मग कळलं की डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन वर्षांपूर्वीच त्यांनी ते काढलं होतं, आणि टेबलक्लॉथखाली कपाटात ठेवून दिलं होतं!

ज्यांना चालणं फार कठीण जातं त्यांना इंग्लंडमध्ये हे निळं कार्ड मिळतं. नुसतं वय झालं म्हणून मिळत नाही. कौन्सिलकडे अर्ज करायचा, फी जास्तीत जास्त दहा पौंड. कार्ड गाडीचं नसतं, माणसाचं असतं. म्हणजे आक्का ज्या गाडीत बसतील त्या गाडीला ते चालतं. समोरच्या काचेमागे दिसेल असं ठेवलं की वेळेची मर्यादा असलेल्या रस्त्यावरच्या चौकटीत, पाटीवर वेगळं लिहिलेलं नसेल तर, हवं तेवढा वेळ थांबता येतं. पिवळ्या रेघेवरही तीन तास चालतं, पण तिथे सामान चढवायला मनाई नसावी आणि सोबतचं कागदी घड्याळ आल्याच्या वेळेला लावून ठेवावं. मात्र आजी घरी आणि त्यांचं कार्ड नातवाच्या गाडीत, असं करू नका. हजार पौंडांपर्यंत दंड आहे, आणि ज्याला खरी गरज आहे त्याची जागा जाते ती वेगळीच.

आम्ही म्हटलं, "आक्का, एवढी सोय असून तुम्ही घरात बसलात?" त्या थोड्या चिडल्याच. "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खुर्च्या ढकलल्या. आता माझ्या नावाचं अपंगाचं कार्ड गाडीत लावू? ओळखीचे लोक काय म्हणतील?"

काय बोलावं ते आम्हाला सुचेना. नातू म्हणाला, "आजी, हे कार्ड लावलं की बोर्डवरचा अर्धा तास आपल्याला लागत नाही. मग तुला घाई नको. एवढंच."

आक्का उठल्या, कपाट उघडलं, टेबलक्लॉथ उचलला.

दुकानासमोरच्या चौकटीत गाडी लागली. आम्ही मुद्दाम घड्याळ बघितलं. गाडीतून उतरून दुकानाच्या दारापर्यंत पोचायला त्यांना सहा मिनिटं लागली. आम्हाला एक मिनिट लागलं असतं. पाटीवरचा अर्धा तास सगळ्यांना सारखा मोजतो, पण तीस वर्षांच्या पायांचा अर्धा तास आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या पायांचा अर्धा तास कुठे सारखा असतो?

दुकानदार पंजाबी. आक्कांना पाहून गल्ल्यावरून उठलेच. "नर्सबाई! कितने दिन बाद!" त्यांनी खुर्ची दिली. आम्ही त्यांना विचारलं, "ही पाटी काढून टाकली तर तुमचा धंदा वाढेल का?" ते म्हणाले, "अहो, काढली तर सकाळी आठलाच कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या लागतील. माझा पोरगाच पहिला लावेल! पाटी राहू दे. फक्त या आज्यांना भीती वाटू नये. त्यांचं सामान मी घरी पाठवतो, पण दुकानात त्या आल्या नाहीत तर दुकानाला मजा नाही."

आक्कांनी एकेक नारळ कानाशी धरून हलवला आणि आत पाणी वाजतं का ते पाहिलं. अकरा नारळ बघून सहा निवडले. फोनवर हे कसं होणार? सगळं आटपून गाडीत बसलो तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. काचेवर चिठ्ठी नव्हती. आक्कांनी कार्ड उचलून पर्समध्ये ठेवलं, कपाटात नाही.

त्या संध्याकाळी नारळाचं दूध काढलं, हलवा आटवला, थाळ्यात थापला, वर बदामाचे काप लावले. नातवाने वड्या कापल्या, थोड्या वाकड्या. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात डाळ संपेल. कोण नेतंय मला?"

वाचकहो, पाटीशी भांडू नका, ती वाचा. ती आपल्यासारख्याच कोणासाठी जागा राखून ठेवते. पण तुमच्या घरातही कोणी भीतीने किंवा लाजेने बाजारात जाणं सोडलं असेल, तर एकदा शेजारी बसून विचारा. आणि मुलांनो, गाडी थांबली की आजी-आजोबांच्या आधी तुम्ही उतरा आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवा. तुमचे डोळे चांगले आहेत, तेवढं काम तुमचं.

शाना तोवा!